भावेशच्या पंखाचं माप

ऐका ना, मालवणच्या त्या दुकानदाराने आपल्या भावेशला फक्त एकच गोष्ट विचारली होती. वजन किती. यात अवघड काय आहे सांगा. पण नेमकी तेव्हा शेजारी होणारी बायको उन्नती बसलेली, फोन स्पीकरवर, आणि उन्नतीच्या घरी बघायला गेला तेव्हा भावेशने वजन चौऱ्याहत्तर सांगून ठेवलेलं. मग करतो काय? घसा खाकरला आणि दुकानदारालाही चौऱ्याहत्तरच सांगितलं. पुढचा सगळा घोळ त्या एका आकड्याने केला.

उन्नती म्हणजे अंजूरची, धामणकर नाक्याजवळच्या शाळेत पीटीची टीचर. आपण नवीन माणसाला गाव कुठलं विचारतो ना, तशी ती उंची-वजन विचारते, सवयच आहे तिला. भावेश बघायला गेला, त्यांच्या पडवीतल्या झोपाळ्यावर बसला, झोपाळा जरा कुरकुरला, पोहे आले, आणि पोह्यांबरोबर हा प्रश्न. त्याने चौऱ्याहत्तर सांगितलं. ती मान हलवून म्हणाली, छंद काय? आता भावेश कशेळीचा, ठाण्याला विम्याच्या ऑफिसात बसतो. सकाळी कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये बसतो, संध्याकाळी त्याच पुलावर उलट्या तोंडाने बसतो. छंदाला जागा कुठे आहे? पण आदल्याच दिवशी त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ बघितलेला. एक गोरा माणूस लाकडी धक्क्यावरून धावत येतो, हातातली फळी पाण्यात फेकतो, तिच्यावर उडी मारतो आणि गुडघे वरखाली करत पाण्याच्या वरून, म्हणजे खरंच वीतभर वरून, सरकत जातो. इंजिन नाही, शीड नाही, वल्हं नाही. भावेश बोलून गेला, मी ते पंप फॉईल करतो.

ती म्हणाली, "कशेळीच्या खाडीत?"

तो म्हणाला, हो.

ती म्हणाली, "मग लग्नाआधी एकदा करून दाखव."

भावेशला वाटलं, विसरेल. पण पीटीच्या बाईंनी करून दाखव म्हटलं की शिट्टी वाजेपर्यंत सुटका नसते. साखरपुडा झाला, लग्न वैशाखात धरलं, आणि दर भेटीत तिचं तेच, कधी दाखवतोस. म्हणजे बघा, एका बशीत दोन खोटी बोलला होता बिचारा. त्यातलं छंदाचं खोटं अजून खरं करता येण्यासारखं होतं. शिकला की झालं.

तर त्या फळीचं असं असतं. फळी नुसती वर दिसायला. तिच्या पोटाखाली एक खांब, कमरेएवढा, आणि खांबाच्या टोकाला पाण्यात विमानासारखे दोन पंख. मागचा छोटा, तोल धरायला. पुढचा मोठा, माणूस उचलायला. सगळी मदार त्या पुढच्या पंखावर. पंख मोठा असेल तर हळू वेगातही माणसाला वर धरतो. लहान असेल तर पळतो जोरात, पण आधी तुम्ही तेवढा वेग आणायचा. धक्क्यावरून उडी मारून शिकणाऱ्याकडे वेग कसला, पोट असतं. म्हणून दुकानदार, देवेश त्याचं नाव, आधी वजन विचारतो. मालवणच्या देवेशकडे तीन पंख होते. चौदाशेचा, सतराशेचा आणि एकवीसशेचा, हे सगळं चौरस सेंटिमीटरमध्ये.

भावेशने तिन्ही फोटो घरच्या ओट्यावर दाखवले आणि तीच त्याची चूक झाली. आमच्याकडे ओट्यावर एखादी गोष्ट दाखवली की ती तुमची राहत नाही, ती गावकीची होते. त्याचे बाबा महापालिकेतून रिटायर झालेले. ते म्हणाले पंख हा शेवटी पंखाच, आणि सीलिंगचा मोठा पंखा घेतला तेव्हापासून वारा कमी झालाय, तेव्हा लहान घे. आईने विचारलं, पांढऱ्यात येतो का, काळा चांगल्या कामाला नको. शेजारच्या केसरीनाथकाकांनी चष्मा वर करून फोटो बोटांनी मोठे केले.

हे केसरीनाथकाका म्हणजे भावेशच्या बाबांचे चुलतभाऊ. जमिनीवर गोडाऊन उठली, तेव्हापासून त्यांना काम असं काही नाही. त्यामुळे गावातलं प्रत्येक काम त्यांचं. आणि त्यांचा मुख्य शौक म्हणजे बॅनर. कुणाचा वाढदिवस असो, कुणी बारावी पास होवो, कुणाची म्हैस व्यायली तरी काका नाक्यावर बॅनर लावतात आणि खाली कोपऱ्यात स्वतःचा फोटो, शुभेच्छुक. काकांनी एकवीसशेचा पंख बघून नाक मुरडलं. म्हणाले, "ह्यो तं सुपासारखा दिसतंय. ह्यो चौदाशेचा बघ, जेट विमान हाय. बॅनरवर उठून दिसल."

असं सगळ्यांचं मत चौदाशेकडे झुकलेलं, त्यात स्पीकरवर तो चौऱ्याहत्तर. देवेश बिचारा फोनवर दोनदा म्हणाला, साहेब, डॉक स्टार्टला, म्हणजे धक्क्यावरून उडी मारून शिकताय, थोडा मोठाच घ्या, वजन नक्की ना? उन्नती भावेशकडे बघत होती. भावेश म्हणाला, नक्की. चौदाशेचा पंख ठरला.

मग पार्सल. आता हे तुम्हाला खोटं वाटेल, पण भिवंडीत राहणाऱ्याला वाटणार नाही. भावेशच्या बाबांचा एक गाळा आहे, घराच्या मागच्या बाजूला, तो त्यांनी कुरिअरवाल्यांना भाड्याने दिलाय. मालवणहून निघालेलं पार्सल ट्रॅकिंगवर बघता बघता थेट त्याच गाळ्यात आलं. भावेशने संडासच्या खिडकीतून बघितलं तर लांबडा खोका आत रॅकवर दिसत पण होता. तो चपला घालून गेला. दारावर रामनाथ, जौनपूरचा सिक्युरिटी, भावेशच्या आईच्या हातचा चहा रोज पिणारा. त्याने उठून सलाम केला आणि दांडा आडवा घातला. पार्सल अजून स्कॅन झालं नाही, सॉर्टिंग झालं नाही, आत बाहेरच्या माणसाला सोडायची ऑर्डर नाही.

भावेश म्हणाला, अरे गाळा आमचा आहे.

रामनाथ म्हणाला, "भैया, गाला आपका है. माल आपका नहीं है. अभी कंपनी का है."

भावेश म्हणाला, मग स्कॅन कर आणि दे. तर रामनाथने समजावलं की हा गाळा भिवंडीचं वाटप करत नाही, हा नुसता मोठ्या गावांना माल फोडून पाठवतो. भिवंडीचा माल आधी नागपूरला जाणार, तिथे त्याचं भिवंडी म्हणून सॉर्टिंग होणार, मग परत येणार. आणि गेला, हो. भावेशच्या डोळ्यांदेखत त्याचा पंख ट्रकमध्ये चढला. रामनाथने ट्रकला हात केला, भावेशनेही केला. नागपूरहून तो बहुतेक हैदराबादलाही जाऊन आला, ट्रॅकिंगवर तसं येत होतं. बाबा म्हणाले, पंख आहे, फिरणारच.

पार्सल प्रवासात असेपर्यंत परवानगीचं बघू, असं काकांनी सुचवलं. धक्का सरकारी आहे, उद्या कुणी बोलायला नको. भावेश बंदराच्या कचेरीत गेला. तिथले साहेब सज्जन होते, त्यांनी विचारलं, नौकेला इंजिन आहे? नाही. शीड? नाही. वल्हं? नाही. साहेब म्हणाले, मग ही नौका नाही, पोहणं आहे, पोहण्याला आम्ही परवानगी देत नाही. भावेश म्हणाला, पण पोहतही नाही, पाण्याच्या वरून जातं. साहेब म्हणाले, वरून जातं तर आमच्याकडे कशाला आलात, विमानवाल्यांकडे जा. मग त्यांना दया आली आणि त्यांनी ती फळी तराफा म्हणून धरली. तराफ्याला भारक्षमता लागते. माणूस किती किलोचा बसणार? मागे काका उभे. भावेश म्हणाला, चौऱ्याहत्तर. म्हणजे आता हा आकडा सरकारीसुद्धा झाला.

शेवटी पंख आला. जोडणी झाली. रविवारी भरतीला भावेश धक्क्यावर गेला तर धक्काभर मासळी सुकवणाऱ्या हौसाआतेचा जवळा वाळत घातलेला. जवळा उत्तनहून येतो, आमच्या खाडीत आता काय मिळतंय, पण सुकवायला ऊन कशेळीचं लागतं म्हणते आते. भावेशला धावायला पट्टी हवी. हौसाआते म्हणाली, पळायचं तर रस्त्यावर पळ. बरीच बोलणी झाली, शेवटी आतेने जवळ्याच्या मधून एक वाट करून दिली, नवरीला मांडवात करतात तशी, आणि अट घातली की जवळ्यातली एक जरी कोलीम, एवढीशी कोळंबी, पायाखाली आली तर पूर्ण टोपली घ्यायची.

भावेश धावला. फळी फेकली. उडी मारली. फळी पाण्याखाली गेली, तिच्यामागून भावेश गेला, आणि वरती फक्त त्याची टोपी राहिली. नंतर किती वेळा तेच. व्हिडिओतला माणूस उडी मारायचा तेव्हा फळी त्याला झेलायची. भावेशला फळी टाळायची. पाचव्या-सहाव्या वेळेला ओहोटी लागली आणि खांब जो चिखलात रुतला तो रुतलाच. फळी खाडीत टेबलासारखी उभी. तिच्यावर आधी एक बगळा बसला. पुढच्या भरतीपर्यंत ती हलणार नव्हती, म्हणून हौसाआतेने चिखलात उतरून आपली रिकामी टोपली तिच्यावर वाळत घातली. म्हणाली, उंचावर हाय, कुत्री पोचत न्हाय.

धक्क्यावर सल्ला द्यायला आता रोजचे लोक जमायला लागले. एकाने सांगितलं, आधी खाडीला नारळ दे, तुझी आजी असती तर दिला असता. भावेशने दिला. दुसऱ्याने सांगितलं, गुडघ्याला तेल लाव. लावलं, तर फळीवरून आणखी लवकर घसरला. सूत विकणारा एक शेठ म्हणाला, ताणा जास्त पडतोय, बाणा कमी. यातलं कुणालाच काही कळलं नाही पण सगळ्यांना पटलं. भावेशला एकट्याला माहीत होतं काय जास्त पडतंय. त्याने शेवटचं वजन केलं त्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या आणि तेव्हा काटा नव्वदच्या पुढे गेला म्हणून तो डोळे मिटून उतरला होता. म्हणजे आलं का लक्षात? छंदाचं खोटं खरं करायचं तर वजनाचं खोटं उघडं करायला लागणार. आणि वजनाचं झाकायचं तर छंदाचं उघडं पडणार.

तेवढ्यात काकांनी बॅनर लावला. भावेशचा वाढदिवस येत होता, फाल्गुनात. कशेळी नाक्यावर, पुलावर चढायच्या आधी, तिथे सगळे ट्रॅफिकमध्ये उभेच असतात त्यामुळे वाचायला भरपूर वेळ. काळा गॉगल घातलेला भावेश, हाताची घडी, मागे कुठल्यातरी परदेशी समुद्राची लाट, आणि अक्षरं: खाडीवर विनाइंजिन चालणारे कशेळीचे पहिले सुपुत्र भावेश यांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, जाहीर प्रात्यक्षिक रविवारी सकाळी भरतीला, सर्वांनी यावे. काकांनी अंजूरला स्वतः जाऊन उन्नतीच्या घरच्यांना आमंत्रणही दिलं. तिचे वडील म्हणाले, येतो की, जावयाचं कौतुक कुणाला नको.

भावेश त्या दिवशी पुलावर त्या बॅनरसमोर एवढा वेळ उभा होता की शेजारच्या रिक्षावाल्याने बॅनरकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि हात जोडले.

मग त्याने चोरून देवेशला फोन केला. म्हणाला, माझा एक मित्र आहे, त्याला शिकायचंय, जरा भरलेला आहे. देवेश म्हणाला, भरलेला म्हणजे किती. भावेश म्हणाला, नव्वद असेल. देवेश हसला. मग म्हणाला, "साहेब, मित्राला सांगा, पंखाशी खोटं बोलून चालत नाही. पाणी लगेच पावती देतं. नीट काट्यावर जा, मित्रालाच घेऊन जा, आणि आकडा मला सांगा. मी बदलून देतो."

आता काटा कुठे? मेडिकलवाल्याकडे गेला तर तो ओळखीचा. जिममध्ये गेला तर तिथे उन्नतीचा भाऊ. भावेशने डोकं लढवलं आणि भिवंडीतल्या सुताच्या बाजारात गेला. तिथे सुताचे गठ्ठे मोजायचा मोठा लोखंडी काटा असतो, सगळे परराज्यातले कामगार, त्याला कोण ओळखणार? काट्यावरच्या माणसाला म्हणाला, भाई, जरा माझं वजन बघतो का. तो म्हणाला, चढो.

पण भावेशला बाजाराची एक पद्धत माहीत नव्हती. तिथे काट्यावरचा माणूस लिहीत नाही. लिहिणारा मुनीम आत बसतो, मध्ये लूमची खडखड, त्यामुळे काट्यावरचा माणूस प्रत्येक वजन ओरडून सांगतो आणि आतून मुनीम तेच परत ओरडतो, चूक नको म्हणून. वर्षानुवर्षांची सवय. भावेश चढला, काटा थांबला, आणि तो माणूस पोट आत घेऊन ओरडला, "छियानवे दो सौ."

आतून आवाज आला, "छियानवे दो सौ. कौन सी पार्टी?"

काट्यावरच्याने भावेशला विचारलं, नाव? भावेश म्हणाला, नाव नको. तर समोरच्या चहाच्या टपरीवरून एक ओळखीचा आवाज आला, कशेळीची पार्टी हाय, लिव. टपरीवर केसरीनाथकाका बसलेले. बॅनर छापणारा तिथेच वरच्या मजल्यावर असतो, हे भावेशच्या लक्षातच नव्हतं राहिलं.

भावेशने काकांना बाजूला घेतलं, सगळं सांगितलं, पोह्यांपासून. अंजूरला कळलं तर काय तोंड दाखवू म्हणाला. लग्नाआधीच खोटा ठरलो तर तिने का करायचं माझ्याशी. काकांनी ऐकून घेतलं. काका तसे हळव्या मनाचे आहेत. त्यांनी भावेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोऱ्या, मी कुणाला एक शबुद बोलायचा न्हाय."

आणि हे मान्य करायला पाहिजे, काका एक शब्दही बोलले नाहीत.

खरा आकडा ऐकून देवेशने एकवीसशेचा पंख यावेळी कुरिअरने पाठवलाच नाही. मुंबईला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिला, भावेशने तो पुलाच्या तोंडाशी उतरवून घेतला. सुपासारखाच होता, काका बरोबर बोलले होते. आठवडाभर भावेश ऑफिसच्या आधी धक्क्यावर. आणि काय सांगू, पहिल्याच उडीला फळी त्याला घेऊन बुडली नाही, थांबली. जरा विचार केल्यासारखी थांबली आणि मग बुडली. तिसऱ्या दिवशी वर आली. एक हात, दोन हात, मग खाली. गुडघे कधी वाकवायचे आणि कधी वजन सोडायचं ते त्याला आपोआप कळायला लागलं. तिथे ते सोडायचं वजन खरं होतं ना. हौसाआतेने जवळ्यातली वाट स्वतःहून थोडी रुंद केली. तिने एवढंच विचारलं, आता ती फळी पुन्हा रुतणार कधी, टोपली ठेवायला बरी पडायची.

रविवार उजाडला. सकाळी भावेश फळी खांद्यावर घेऊन निघाला. नाक्यावर पोचला तर नवीन बॅनर. आधीचा उतरवलेला, त्याच जागी दुप्पट मोठा. काकांनी शब्द पाळला होता, ते कुणाला बोलले नव्हते. त्यांनी छापलं होतं. लाल अक्षरात, ट्रकवाल्यांना पुलावरून दिसेल एवढं: वजन ९६ किलो २०० ग्रॅम, तरीही पाण्यावर. खाली भावेश, गॉगल, लाट. कोपऱ्यात काका, शुभेच्छुक.

काका धक्क्यावर भेटले तेव्हा खूश होते. त्यांना वाटलेलं की भावेश लाजतोय ते उगीच. हलका माणूस तरंगला त्यात काय मोठं, ओंडकाही तरंगतो. शहाण्णव किलोचा तरंगणार आहे हे लोकांना आधी कळलं तर मान वाढेल की नाही? भावेशने त्यांच्याकडे बघितलं. रागवायलाही सवड मिळाली नाही. कारण काकांच्या मागे उन्नती, तिचे वडील, आई, भाऊ, सगळे नाक्यावरूनच आले होते. दुसरा रस्ताच नाही ना.

उन्नतीने गळ्यातली शिट्टी काढली आणि भावेशकडे बघितलं. म्हणजे ती खरंच शिट्टी घेऊन आली होती.

भरती अगदी काठोकाठ. लोक पुलाच्या कठड्यावर. बाबा, आई, हौसाआते जवळ्याच्या राखणीला. भावेशला वाटलं पळून जावं, पण पळायची वाट जवळ्यातून एकच आणि ती खाडीतच जात होती. शिट्टी वाजली. तो धावला. फळी फेकली. उडी मारली. फळी थांबली, विचार केला, आणि वर आली. एक पंप, दोन पंप, भावेश पाण्याच्या वर, खरंच वर, पोटासकट. धक्क्याजवळ बांधलेल्या एका होडीला वळसा घालून गेला. वळसा घालायचा नव्हता, सरळ जायचं होतं, पण तो पंख मोठा, सांगितलं की ऐकायला वेळ लावतो. मग पुलावरच्या एका ट्रकने मोठा हॉर्न दिला, भावेशने वर बघितलं आणि गेला खाली.

तो काठाला आला तो गळ्यापर्यंत चिखल, कानात चिखल, तोंडात खाडीची चव. लोक टाळ्या वाजवत होते, काका फोटो काढत होते, पुढच्या बॅनरसाठी. भावेश हे काहीच बघत नव्हता. तो सरळ उन्नतीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, मी तेव्हा चौऱ्याहत्तर सांगितलं ते खोटं होतं. पंपचंही खोटं होतं. ते आता खरं केलंय, पण वजनाचं काही करता नाही आलं.

उन्नतीने पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला. म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तू आमच्या झोपाळ्यावरून उठून गेलास ना, त्याच संध्याकाळी बाबांनी वरची कडी बदलून घेतली."

तिचे वडील जरा पुढे आले, चिखलाला न लागता जेवढं येता येईल तेवढं. म्हणाले, "दीडशे किलोची बसवलीय. या बिनधास्त."